बिजागरी ऐकून घेतलेला लॅपटॉप

मामाचा लॅपटॉप मी शेगडीवर भाजला. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे शेगडीजवळ ठेवलास?" नाही. शेगडीवर. बरोब्बर मधोमध.

माझी बाजूही जरा ऐकून घ्या. मी ज्या गावात शिकलो तिथे शेगडी ही शेगडीसारखी दिसते. तिला बर्नर असतात, मागे नळी असते, शेजारी लायटर लटकत असतो. मामाच्या खोलीतली शेगडी म्हणजे ओट्यात बसवलेली एक काळी, सपाट, गुळगुळीत काच. परदेशात येऊन मला जेमतेम दीड महिना झाला होता. मामा स्वयंपाक करायचा आणि मी भांडी घासायचो, त्यामुळे त्या काचेशी माझी ओळख फडक्यापुरतीच होती. त्या मंगळवारी कॉलेजचं काहीतरी लिहायचं होतं. टेबलावर मामाची पुस्तकं पसरलेली, म्हणून लॅपटॉप काचेवर ठेवला. अंधारून आलं होतं, म्हणून ओट्यावरचा दिवा लावायला एक बटण फिरवलं. दिवा काही लागला नाही. बल्ब गेला असेल, असं म्हणून मी आंघोळीला गेलो.

बाहेर आलो तेव्हा मामा कामावरून परतला होता आणि दारातच उभा राहून नाक वर करून वास घेत होता.

"कुठली तरी मोटर जळलीय," तो म्हणाला. मग त्याने ओट्याकडे पाहिलं. बटण बंद केलं. लॅपटॉपचा खालचा भाग पापडासारखा वर आला होता. मामाने तो चिमट्याने उचलून पाहिला आणि पुन्हा खाली ठेवला.

"मीठ घातलं होतंस का?" त्याने विचारलं.

मी ओल्या टॉवेलने ओटा पुसायला लागलो.

"शनिवारी परीक्षा आहे रे माझी," तो म्हणाला आणि बूट न काढताच खुर्चीत बसला. हा माणूस बूट न काढता खोलीत आलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो, तेव्हा कुठे मला माझ्या पराक्रमाची उंची कळली.

मामा लिफ्टचा मेकॅनिक आहे. वय त्रेपन्न, इथे येऊन एकोणीस वर्षं. मामी गावाकडे पोस्टात आहे, मुलगी शिकते आहे, आणि मामा इथे लोकांना वर-खाली नेतो. लिफ्टबद्दल तो नातेवाइकांसारखं बोलतो. "ती चौथ्या मजल्यावरची जरा अडून बसते," किंवा "हिचं वय झालं, पण आवाज अजून गोड आहे." कुठल्याही इमारतीत शिरला की आधी डोळे मिटून लिफ्ट ऐकतो. लोकांना वाटतं, प्रार्थना करतोय.

तर या कामाला परवाना लागतो आणि दर पाच वर्षांनी परीक्षा देऊन तो वाढवून घ्यावा लागतो. आजवर ही परीक्षा एका हॉलमध्ये, कागदावर व्हायची. यंदापासून ती घरबसल्या झाली. म्हणजे आपल्याच लॅपटॉपसमोर बसायचं, कॅमेऱ्यातून कोणीतरी अनोळखी बाई आपल्याकडे टक लावून बघणार, खोलीत दुसरं माणूस नको, टेबलावर कागद नको. मोबाइल चालत नाही. कॉलेजच्या आणि ऑफिसच्या मशीनवर परीक्षेचा प्रोग्राम टाकू देत नाहीत. शनिवार हुकला तर पुढची तारीख चार महिन्यांनी. तोवर मामाला लिफ्टच्या खड्ड्यात उतरता येणार नाही, कंपनीच्या गोदामात बसून नटबोल्ट मोजायचे. "एकोणीस वर्षं दोर तपासले, आता वॉशर मोजू?" असं तो म्हणाला आणि उठून भात लावला. त्याच शेगडीवर. काच पुसून.

बुधवारी कामावरून सुटल्यावर आम्ही लॅपटॉप घ्यायला निघालो. मला वाटलं होतं, तासाभराचं काम. तीन दुकानं झाली आणि गुरुवार उजाडला.

पहिल्या दुकानात मामाने घासाघीस केली. किमतीची चिठ्ठी यंत्रावर चिकटवलेली, सगळं ठरलेलं, तरी मामा म्हणाला, "शेवटचा भाव सांगा." विक्रेत्याने चिठ्ठी वाचून दाखवली. मामा म्हणाला, "हे झालं लोकांसाठी." विक्रेत्याने पुन्हा तीच चिठ्ठी, जरा हळू, वाचून दाखवली. दुसऱ्या दुकानात मामीचा फोन आला. "अहो, तिथे घेऊ नका. माझा भाऊ इथून पाठवतो, अर्ध्या किमतीत पडेल."

"परीक्षा शनिवारी आहे."

"मग रविवारपर्यंत येईल की!"

मामाने फोन माझ्या हातात दिला. मामीने मला विचारलं, "तू तिथे शिकायला गेलायस ना? काय शिकतोयस नक्की, लॅपटॉप भाजायला?" मी फोन मामाला परत दिला.

तिसऱ्या दुकानात कारण सोपं होतं. मामाला यंत्राचा पंखा आवडला नाही.

गुरुवारी संध्याकाळी चौथं दुकान. एका मोठ्या बाजारइमारतीचा तिसरा मजला, निळ्या शर्टातली एक विक्रेती मुलगी, छातीवर नावाचा बिल्ला. बिचारी सराईतपणे सांगत होती, मेमरी इतकी, वेग इतका, बॅटरी इतके तास. मामा मान डोलावत होता आणि हाताने झाकण उघडत-मिटत होता. एकदा, दोनदा, दहादा. मग त्याने कान थेट बिजागरीला लावला आणि पुन्हा उघड-मीट सुरू केली.

"साहेब, तुम्हाला मेमरी किती हवी?" मुलीने विचारलं.

"शू," मामा म्हणाला.

मी मुलीकडे पाहून कसनुसं हसलो. "मामा, आपण दरवाजा घेत नाही आहोत."

"दारच आधी जातं, शहाण्या. लिफ्ट असो की हे. वेग काय चाटायचाय?" मग तो पुढच्या यंत्राकडे गेला, मग त्याच्या पुढच्या. चौदा लॅपटॉपांची बिजागरी ऐकून झाल्यावर कोपऱ्यातल्या एका राखाडी यंत्रापाशी तो थांबला, दोनदा झाकण मिटलं आणि समाधानाने मान हलवली. "हिचा आवाज एकजीव आहे. ही द्या."

मुलगी खोक्यातून नवं यंत्र काढून चालू करून दाखवायला लागली. झाकण उघडलं, पडद्यावरचा पारदर्शक कागद सोलायला तिने नख घातलं, तसा मामा जवळजवळ ओरडलाच.

"राहू द्या, राहू द्या! ते आम्ही बघतो."

तिने हात मागे घेतला. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, आणि ही माझी दुसरी चूक. कारण मी अशाच घरात वाढलो. आमच्याकडे टीव्हीचा रिमोट सहा वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत होता. आत्याची कार विकली तेव्हा सीटवर कंपनीचं प्लास्टिक होतं आणि आत्याने त्याचे वेगळे पैसे मागितले होते. मामाच्या खोलीत तर खुर्चीला, पंख्याच्या बटणांना, गादीला, सगळ्याला मूळ कागद. तो कागद आम्हाला दिसतच नाही. चष्मा लावणाऱ्याला चष्मा दिसत नाही, तसं.

शुक्रवारी लॅपटॉप लावला. इथल्या यंत्रावर अक्षरं इथल्या पद्धतीने मांडलेली, त्यामुळे पासवर्डातलं एकेक चिन्ह शोधण्यात आमचा तास गेला. मामा तर्जनीने कळ दाबायचा आणि प्रत्येक कळीनंतर माझ्याकडे बघायचा, जणू मीच ती इकडची तिकडे ठेवली होती. शेवटी परीक्षेचा प्रोग्राम सुरू झाला. त्याने आधी कॅमेऱ्याची चाचणी मागितली. मामा केस विंचरून समोर बसला. पडद्यावर लाल अक्षरं आली: चेहरा स्पष्ट दिसत नाही.

"पुढे सरक," मी म्हणालो. तो सरकला. चेहरा स्पष्ट दिसत नाही.

"दिवा लाव." लावला. चेहरा स्पष्ट दिसत नाही.

"दाढी कर." दाढी केली. तरी नाही.

मग मामाने कामावरचं हेल्मेट काढलं, त्याच्या कपाळावरचा दिवा लावून मी समोर उभा राहिलो आणि तो प्रकाश मामाच्या तोंडावर मारला. मागे भिंतीला पांढरी चादर टांगली. पडद्यावर मामा धुक्यातून चालत आलेल्या माणसासारखा दिसत होता. मदतीच्या नंबरवर फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, कॅमेरा खराब आहे, दुकानात बदलून घ्या, परीक्षेची वेळ बदलत नाही. दुकान सकाळी नऊला उघडायचं. परीक्षा साडेदहाला.

"चौदा यंत्रं ऐकलीस," मी म्हणालो, "एकाच्या तरी कॅमेऱ्यात बघितलंस का?"

"आणि तुझं लक्ष कुठे होतं? तुझं तरुण रक्त, तुझं कॉलेज! मला वाटलं तू बघतोयस."

"मला वाटलं तू बघतोयस."

"बरं," मामा म्हणाला, "आणि आपल्यातल्या एकाला शेगडीही ओळखता आली नाही, तेही खरं."

शनिवारी आठलाच निघालो. बसला चाळीस मिनिटं लागतात, त्या दिवशी रस्त्याच्या कामामुळे सव्वा तास अधिक लागला. दुकानात शिरलो तेव्हा दहाला पाच मिनिटं कमी होती. मामाच्या छातीशी खोकं, कपाळावर घाम. निळ्या शर्टातली मुलगी समोरच होती. मामाने एका दमात सगळं सांगितलं: कॅमेरा गेला, परीक्षा आहे, बदलून द्या, आत्ता, लगेच, हीच बिजागरी असलेला.

तिने झाकण उघडलं. पडद्याकडे बघितलं. मग मामाकडे. मग माझ्याकडे, जरा जास्त वेळ. तिने वरच्या कोपऱ्यात नख घातलं आणि एका ओढीत अख्खा कागद सोलला. चर्र असा आवाज झाला. मामाने डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा पडद्यावर त्याचा स्वच्छ, सुस्पष्ट चेहरा होता, गालावरच्या कालच्या ब्लेडच्या जखमेसकट.

मला त्या क्षणी हसावं की फरशीवर आडवं व्हावं ते कळेना. "आता घरी कसं जायचं?" मी म्हणालो. पस्तीस मिनिटं उरली होती.

मामाने सोललेला कागद तिच्या हातातून घेतला. लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना बाहेरून धीर देणारा हा माणूस, आता स्वतः अडकल्यासारखा उभा होता. हातातल्या कागदाची घडी घालत होता, बारीक, आणखी बारीक.

"परीक्षेला फक्त रिकामी खोली लागते ना?" मुलीने विचारलं. मागे त्यांचं सामान ठेवायचं दालन होतं, तिथे टेबल होतं, ती तिथे सुट्टीत डबा खायची. तिने डबा उचलला, खुर्ची पुसली, इंटरनेट जोडून दिलं. "साहेब यायच्या आत आटपा. विचारलं तर सांगते, ग्राहकाच्या यंत्राची तपासणी चालू आहे."

दाराला काचेची छोटी खिडकी होती. मी बाहेर उभा राहून बघत होतो. कॅमेऱ्यातल्या बाईने मामाला दालन चारी बाजूंनी दाखवायला लावलं. मामाने लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून खोक्यांच्या भिंती दाखवल्या, छत दाखवलं, टेबलाखाली दाखवलं, आरतीचं ताट फिरवावं तसं. मग बसला. तोंडाने पुटपुटायची मनाई होती, आणि मामाला पुटपुटल्याशिवाय विचार करता येत नाही, हे मला माहीत होतं. पहिली दहा मिनिटं तो नुसताच घामाघूम झाला. मग हळूच त्याचा डावा हात टेबलाखाली हलायला लागला. बोटं हवेत नट पिळत होती, दोर चाचपत होती, एक अदृश्य दार सरकवत होती. प्रश्न वाचायचा, हाताने ते काम करायचा, आणि उजव्या तर्जनीने उत्तर दाबायचा. त्या खिडकीपाशी उभं राहून मला त्याच्यावर ओरडल्याची पहिल्यांदा लाज वाटली. फार नाही, जराशी.

दुकानाचे साहेब आले. मुलीने त्यांना पुढच्या काउंटरवर अडकवून ठेवलं. तिच्या सुट्टीचा वेळ संपला, डबा न खाता ती परत कामाला उभी राहिली.

मामा दीड तासाने बाहेर आला. निकाल लगेच दिसतो. लागत होते सत्तर, पडले होते चौऱ्याऐंशी. "कागदावर असते तर नव्वद पडले असते," तो म्हणाला. मी त्याच्या पाया पडायला वाकलो, तर म्हणाला, "उठ, खोकं उचल."

मामाने मुलीला विचारलं, तुझे कसे उपकार फेडू. ती म्हणाली, उपकार कसले, फक्त आमच्या दुकानाच्या वेबसाइटवर माझं नाव घालून दोन ओळी चांगल्या लिहा. महिन्याला असे पाच अभिप्राय लागतात, माझे चारच झालेत.

"आजच लिहितो," मामा म्हणाला.

घरी आल्यावर मी म्हणालो, दे, मी लिहितो, दोन मिनिटांचं काम. तर नाही. वचन त्याने दिलंय, तोच लिहिणार. आणि वापरून बघितल्याशिवाय कसं लिहायचं? खोटं कसं लिहायचं? त्याला आता दोन महिने झाले. रोज जेवण झाल्यावर तो लॅपटॉप उघडतो, एका बोटाने एक शब्द घालतो, एक शब्द खोडतो. आजवरचा मजकूर असा: "यंत्र चालते. मुलगी चांगली आहे." पहिलं वाक्य आधी हवं की दुसरं, यावर तो अडला आहे. महिना तर कधीच संपला. त्या बाजारइमारतीवरून जायची वेळ आली की आम्ही पलीकडच्या फुटपाथवरून जातो.