फौजदारांनी आणलेल्या बायका

दवाखान्यासमोर बैलगाडी थांबली की समजायचं, कुठल्या तरी वाडीवरची अडलेली बाळंतीण आली. संगमनेरला बायकांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू होऊन मला फार दिवस झाले नव्हते, पण एवढं मला कळून चुकलं होतं. म्हणून त्या सकाळी गाडीचा आवाज आल्याबरोबर मी हात धुवायला घेतले. नर्सबाई बाहेर डोकावून आल्या आणि दारातच थबकल्या.

"बाळंतीण नाही, बाई. गाडीभर बायका आहेत. बरोबर फौजदार आहेत."

लढाईचे दिवस होते. क्विनाईन मिळत नव्हतं, रॉकेल मिळत नव्हतं, आणि फौजदार दिसले की लोक रस्ता बदलायचे. हे फौजदार मात्र बोलायला मऊ होते. टोपी काढून काखेत धरली, नमस्कार केला आणि पोलिसांची यादी माझ्या हातात दिली. यादी म्हणजे अमुक माणसाला तपासून दाखला द्यावा, अशी पोलिसांनी डॉक्टरला लिहिलेली चिठ्ठी. मारामारीतले जखमी घेऊन अशा याद्या सरकारी दवाखान्यात रोज जात. माझ्याकडे आलेली ही पहिलीच.

प्रवरेच्या काठच्या एका गावात, नदीच्या कोरड्या वाळूत नुकतंच जन्मलेलं मूल मेलेलं सापडलं होतं. कुत्र्यांनी उकरून काढलं होतं. यादीत त्याखाली नावं होती, आणि प्रत्येक नावापुढे तोच मजकूर: ही बाई अलीकडे बाळंत झाली आहे किंवा कसे, याचा दाखला मिळावा.

"संशय कुणावर आहे?" मी विचारलं.

"तेच तर तुम्ही सांगायचं, बाईसाहेब."

"मग ह्या सगळ्या कोण?"

"गावात नवरा नसलेल्या बायका एवढ्याच आहेत," ते म्हणाले. "पाटलांनी सांगितल्या, आम्ही गाडीत घातल्या."

मी खिडकीतून पाहिलं. बायका गाडीच्या सावलीत, भिंतीकडे तोंड करून, अंग चोरून बसल्या होत्या. रस्त्यावरून जाणारे पुरुष उभे राहून त्यांच्याकडे बघत होते. बायकांत एक म्हातारी होती. तिच्या तोंडात दात नव्हते. एक मुलगी होती. परकरातून लुगड्यात येऊन तिला वर्षसुद्धा झालं नसेल, आणि कपाळ मोकळं. मी फौजदारांकडे वळले.

"त्या म्हातारीला मूल होईल?" मी विचारलं.

"मला कळतंय, बाईसाहेब. पण एकीला सोडलं की दुसरीचा भाऊ भांडायला येतो. सगळ्यांना आणलं की कुणाची तक्रार राहत नाही."

मी सांगितलं, मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणा, आणि हुकूम असला तरी जिची मर्जी नाही तिला मी हात लावणार नाही. हे बोलताना माझा आवाज चांगलाच चढला असावा, कारण बाहेरच्या बायकांनी माना वर केल्या. फौजदारांनी वाद घातला नाही. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "बरं. मग अशाच परत नेतो."

तेव्हा त्या बायकांतली एक पुढे आली. पन्नाशीची, रुंद हाडाची, शेतात राबून हात लाकडासारखे झालेले. पायरीवर उभी राहून ती माझ्याशी हळू आवाजात बोलू लागली.

"बाई, तुमी चिडलाव ते आमाला दिसलं. पर आमाला अशी माघारी धाडू नका. गावानं आमाला गाडीत बसताना बघितलंय. आता कागद न्हाई नेला तर जलमभर आमच्यातली कुनी ना कुनी पोर मारनारी ठरल. तपासा आन कागद द्या. मराठीत द्या, गावात कुनाला बी वाचता आला पायजे."

"सगळ्यांचं हेच म्हणणं आहे?"

ती मागे वळून पाहून म्हणाली, "दुसरं काय म्हननार?"

मी नर्सबाईंना पडदा ओढायला सांगितला. फौजदारांना आणि त्यांच्या शिपायाला फाटकाबाहेर घालवलं. मग एकेकीला आत घेतलं. ते सगळं मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की कुणी रडलं नाही. त्या लहान मुलीनं डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मी तिच्या पोटावर नुसता हात ठेवला आणि तिला उठवलं. तिला अजून न्हाणसुद्धा आलं नव्हतं. तिचा दाखला लिहिताना माझ्या टाकाची निब कागदात रुतली, तो कागद टाकून मला दुसरा घ्यावा लागला.

शेवटी एक राहिली. तिशीतली, उंच, सावळी. तिच्या कपाळाला ठसठशीत कुंकू होतं आणि गळ्यात मंगळसूत्र. नवऱ्यानं टाकलेली होती, भावाकडे राहत होती, म्हणून 'नवरा नसलेल्यां'त धरली गेली होती. ती पडद्यापाशी आली आणि तिथेच थांबली.

"मी न्हाई तपासून घ्यायची," ती म्हणाली.

"नका घेऊ. तुमच्यावर जबरदस्ती नाही."

पन्नाशीची बाई तिला समजावू लागली. "अगं, दोन घटकंचं काम हाय. मी न्हाई का गेले?"

"तुमी गेला. मी न्हाई जायची."

ती बाहेर जाऊन गाडीजवळ ताठ उभी राहिली. मी फौजदारांना सांगितलं, बाकीच्यांपैकी कुणीही बाळंत झालेली नाही. ह्या बाईंनी नकार दिला आहे आणि नकाराचा अर्थ नकार एवढाच. ते ऐकून त्यांच्या चेहऱ्यावरचा शीण एकदम उतरला. जणू मी त्यांना हवं ते नाव सांगून टाकलं होतं.

"झालं तर मग," ते म्हणाले. "बाकीच्यांना गाडी घेऊन जाईल. ही आमच्याबरोबर कचेरीत."

मी पायऱ्या उतरून खाली गेले, पुन्हा पुन्हा सांगितलं, की यावरून काहीच सिद्ध होत नाही. ते ऐकून घेत होते, मान डोलावत होते आणि शिपायाला खूण करत होते. ती बाई शिपायाच्या पुढे चालू लागली. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

मला बसवेना. दुपारचं जेवण तसंच ठेवून मी सरकारी दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर वयानं माझ्या वडिलांएवढे. त्या मुलाचं प्रेत तपासायला त्यांच्याकडे आलं असणार, हे उघड होतं. मी विचारायला गेले होते की मृत्यू कसा झाला, म्हणजे त्या बाईला उपयोगी पडेल असं काही मला सापडेल. ते ताक पीत बसले होते.

"ते मूल?" ते म्हणाले. "अहो, ते जिवंत जन्मलंच नव्हतं. सातव्या महिन्यात पडलेलं. फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाकला तो दगडासारखा तळाला गेला. श्वास घेतला असता तर तरंगला असता. शिवाय अंगाला हळद लावलेली, धुतलेल्या मऊ धडप्यात नीट गुंडाळलेलं. मारून टाकणारा माणूस हळद लावत बसतो का? कुणीतरी रडून पुरलेलं पोर आहे ते."

"हे तुम्ही पोलिसांना कळवलं?"

"रिपोर्ट कालच लिहून ठेवलाय. हा काय. कुणी न्यायलाच आलं नाही."

मी त्या कागदाकडे बघत राहिले. फळीवर, औषधांच्या बाटल्यांशेजारी, पाटीखाली दाबून ठेवला होता. पोलीस कचेरी तिथून हाकेच्या अंतरावर. फौजदार सकाळी त्याच रस्त्यानं, त्याच दारावरून ती गाडी घेऊन माझ्याकडे आले होते. एक शिपाई आत पाठवला असता तर गाडी जुंपायचीच गरज नव्हती.

"डॉक्टरसाहेब, त्यांनी आज गावातल्या साऱ्या नवरा नसलेल्या बायका माझ्याकडे तपासायला आणल्या होत्या."

त्यांनी ताकाचं भांडं खाली ठेवलं. त्यांना धक्का बसेल असं मला वाटलं होतं.

"हो, आणतात," ते म्हणाले. "पूर्वी माझ्याकडेच आणायचे. आता तुम्ही आलात ते बरं झालं. पुरुष डॉक्टरसमोर बायका फार अवघडतात."

एवढा सज्जन माणूस. गोरगरिबांना पदरचं औषध देणारा. मी रिपोर्ट मागितला. त्यांनी तो माझ्याजवळ न देता आपल्या शिपायाकडे दिला, आणि मी त्या शिपायाबरोबर कचेरीपर्यंत चालत गेले.

फौजदारांनी रिपोर्ट दोनदा वाचला. ओशाळले असावेत, पण तसं म्हणाले नाहीत. "मेलेलं का होईना, गुपचूप पुरणं हासुद्धा गुन्हा होऊ शकतो," असं काहीसं पुटपुटले. तरी त्या बाईला त्यांनी सोडलं. ती व्हरांड्यात खांबाला टेकून उभी होती. इतका वेळ ती बसलीच नव्हती, असं शिपाई म्हणाला. संध्याकाळ व्हायच्या आत गावाकडे जाणाऱ्या एका भाजीवाल्याच्या गाडीत मी तिला बसवून दिलं.

पुढच्या काही दिवसांत उलगडा झाला. नदीपलीकडच्या गुऱ्हाळावर कामाला आलेल्या एका कुटुंबाचं ते मूल होतं. बाईचं सातव्या महिन्यात पोट पडलं, नवऱ्यानं मूल रीतीप्रमाणं नदीकाठी पुरलं. पोलीस आल्याचं कळल्यावर दोघं भ्याली आणि गप्प बसली. गुऱ्हाळावर कुणी चौकशीला गेलंच नव्हतं, कारण तिथल्या साऱ्या बायकांना नवरे होते. प्रकरण मिटलं. मी नगरला सिव्हिल सर्जनसाहेबांना लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर आलं ते असं, की पोलीस तपासात सहकार्य करणं हे प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे.

उन्हाळ्यात पुन्हा त्याच गावाची गाडी आली. ह्या वेळी खरोखरच अडलेली बाळंतीण होती, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन ती उंच बाई बसली होती. बाळंतीण तिची भावजय. मूल आडवं आलं होतं. फार झटापट करावी लागली, पण दोघंही वाचली. तोपर्यंत ही नणंद पाणी तापवत होती, कापडं धूत होती, भावजयीच्या कपाळावरचा घाम पुसत होती. नंतर ती विहिरीपाशी बसली तेव्हा मी तिच्याजवळ गेले.

"गावात आता काय म्हणतात?" मी विचारलं.

"काय म्हननार? पोर गुऱ्हाळवाल्यांचं निघालं. मंग म्हनाय लागले, हिनं तपासून का न्हाई घेतलं? त्ये पोर हिचं नसंल, दुसरं काय तरी आसंल." ती अंगठ्यानं कापडाच्या पिळ्यातलं पाणी निथळवत होती. "ही आत निजलीया ना, तीच पैली म्हनाली."

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "बाई, तुमची इच्छा असेल तर मी आता तपासून दाखला देते. एखादीला कधीच मूल झालं नसेल तर ते पुढे केव्हाही सांगता येतं."

ती माझ्याकडे बघून हसली.

"काय लिवनार? हिला कदी पोर झालं न्हाई? त्ये तर माजा नवरा धा गावांत सांगत फिरला. त्याच पायी टाकली मला. सासूनं सुईनीला बोलवून, चार बायकांम्होरं लुगडं सोडाय लावलं हुतं. तवाच ठरवलं, आता पुन्ना न्हाई. फौजदार येवो न्हाई तर कुनी येवो."

मग विषय बदलायला असेल किंवा खरंच विचारायचं असेल, तिनं विचारलं, "त्या दिशी ज्यांनी कागद नेलं, त्येंचं काय झालं ठावं हाय का तुमाला?"

"त्यांची सुटका झाली ना?"

"पाटलानं समद्यांचे कागद मागून घेतलं आन चावडीवर वाचून दाखवलं. मोठ्यानं. एकेकीचं नाव घिऊन. तुमी लिवलं हुतं ना, छाती कशी, पोट कसं, समदं. गडीमानसं बसून ऐकत हुती. पोरं फिदीफिदी हसत हुती. ती बारकी पोर तवापसनं घराच्या भाईर पडली न्हाई. तिचा कागद वाचताना तर..." तिनं वाक्य तिथेच सोडलं आणि पिळलेलं कापड झटकलं.

मी प्रत्येक दाखला सवयीप्रमाणं, शिकवल्याप्रमाणं, सविस्तर लिहिला होता. मराठीत, वळणदार अक्षरात, गावात कुणालाही वाचता यावा म्हणून.

त्यानंतर मी पोलिसांना एकाच ओळीचा दाखला देऊ लागले, बंद पाकिटात, लाख लावून. पोलिसांनी आणलेल्या बाईला मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय फाटकाच्या आत घ्यायचं नाही, असं नर्सबाईंना बजावून ठेवलं. दोन-तीनदा खटके उडाले. नंतर फौजदार म्हणू लागले, ती बाई फार कायदा शिकवते, आणि तशी गाडी भरून पुन्हा कुणी माझ्याकडे आणली नाही. दुसरीकडे कुठे नेत असतील, याचा विचार मनात आला की मी कामाला लागायची.

भावजय त्या उन्हाळ्यात बाळंत झाल्यावर चार दिवसांनी घरी जायला निघाली. गाडीत चढताना तिनं बाळ नणंदेच्या ओटीत दिलं आणि म्हणाली, "वन्सं, तुमीच धरा. माजं हात अजून कापत्यात." नणंदेनं बाळाच्या तोंडावर पदर ओढला, गाडीवानाला हळू हाकायला सांगितलं आणि दोघी गेल्या.