अकराव्या कामापुढची खूण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. मला सगळ्याच्या याद्या करायची सवय आहे — फ्रिजवर एक, पर्समध्ये एक, फोनमध्ये तीन. लेक इथल्या इंग्रजीच्या ढंगात वैतागते, "आई, इनफ लिस्ट्स, ला!" पण ही गोष्ट कुठल्याच यादीत नाही.

इथे परदेशात, बुओना व्हिस्टाच्या एका प्रयोगशाळेची व्यवस्था मी बघते. कारखान्यांतली न विरणारी रसायनं पार उत्तर ध्रुवाकडच्या प्राण्यांच्या अंगात कशी साचतात, हे तिथे अभ्यासतात. माशातून सीलमध्ये, सीलमधून पांढऱ्या अस्वलात, अस्वलीच्या दुधातून पिल्लात. चार वर्षांपूर्वी आमची तुकडी तिकडच्या एका बेटावर गेली. शास्त्रज्ञ अश्विनी — पुण्याची, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मला ताई म्हणते. तळाची व्यवस्था माझ्याकडे. रोज संध्याकाळी चौदा कामं, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. अकरावं काम: सीलच्या चरबीच्या नमुन्यांची पेटी दोनशे पावलांवरच्या लोखंडी पिंपात बंद करणे. वासाने अस्वलं येतात, म्हणून.

त्या दिवशी वारा फार होता. दोनशे पावलांना कितीसा वेळ लागतो? मी पेटी स्वयंपाकाच्या तंबूमागे सरकवली. आणि अकराव्या कामापुढे खूण केली.

अस्वली दुसऱ्या सकाळी आली, आम्ही नाश्त्याला बसलो असताना. पिल्लू घेऊन. पहाऱ्यावर अश्विनी होती. तिने हवेत बार काढले, आम्ही भांडी बडवली. ती हटेना. अश्विनीची पहिली गोळी तिच्या जबड्यात लागली. ती पडली नाही — लोंबता जबडा घेऊन तशीच अश्विनीवर धावली. दुसरी छातीत. तिसरी डोक्यात, इतक्या जवळून की रक्त अश्विनीच्या तोंडावर उडालं. पिल्लू आईचा कान दातांत धरून ओढत होतं, तिला उठवत होतं. एकटं ते जगलं नसतं, म्हणून तुकडीसोबतच्या वाटाड्याने त्यालाही गोळी घातली. ते लगेच मेलं नाही. किती वेळ किंचाळत होतं? ठाऊक नाही — मी, जी सगळं मोजते, मी कानांवर हात दाबून उभी होते.

मग नमुने घ्यायचे होते. अश्विनी बर्फात ओकत होती, म्हणून सुरी मी धरली. चरबी, यकृत, मेंदू. पोट फाडलं तेव्हा वाफ आली. आत चरबीचे न पचलेले तुकडे, आणि एका तुकड्याला चिकटलेली प्लास्टिकची चिठ्ठी. आमच्या पेटीतली. नंबर माझ्या अक्षरात.

मी ती हातमोज्यात सरकवली. चावून फोडलेली पेटी कचऱ्याच्या गोणीत कोंबली. वहीत लिहिलं — नंतर पिंपातून काढताना वाऱ्याने उडून फुटली.

"ताई, पेटी पिंपात होती ना?" अश्विनीने त्याच दुपारी विचारलं.

"हो. ही बघ खूण."

"मग ती का आली? एवढे बार काढूनही?"

इथवरचा सगळा भित्रेपणा होता. पुढचं काय होतं? मी म्हणाले, "विष गं. तिचं डोकं ताळ्यावर नसणार."

तपासणीत तिची चरबी खरोखरच रसायनांनी भरलेली निघाली. अश्विनीने अहवालात लिहिलं: विषाच्या परिणामाने माणसाची भीती गेली असावी. प्रत्येक सभेत ती त्या अस्वलीचं उदाहरण देते, आणि लोक मान हलवतात. विष होतं, ते खोटं नाही. पण अस्वली आली भुकेने, आणि जेवण मी मांडून ठेवलं होतं.

अश्विनी पुन्हा उत्तरेला गेली नाही. दुसऱ्या तुकडीचं नेतृत्व देऊ केलं, तेही नाकारलं. चहाचा कप दोन्ही हातांनी धरते.

मागच्या रविवारी ती सेंगकांगला आमच्याकडे जेवायला आली होती. भात कालवता कालवता थांबली. "ताई, मी अजून थोडी थांबले असते, तर गेली असती का हो ती?"

"नसती गेली," मी म्हणाले. "विषाने वेडी झाली होती ती." आणि तिला वरण वाढलं.

चिठ्ठी तिच्या खुर्चीमागच्या खणात होती, पासपोर्टांखाली. अजून तिथेच आहे.