पाव्हण्याच्या दुकानातलं ग्राफिक्स कार्ड

मला कॉम्प्युटर गेम खेळायला हवा होता. अभ्यासाला नाही, घरून काम करायलाही नाही. हे मी आधीच स्पष्ट सांगते, कारण त्या वर्षी ज्यानं त्यानं मला विचारलं, "पोरीच्या जातीला गेम कशाला?" आणि विचारणाऱ्यांतले निम्मे पारावर बसून दिवसभर पत्ते कुटतात.

मी सांगलीजवळ कुपवाडच्या एका कारखान्यात तपासणीला आहे. मशीनवरून आलेला प्रत्येक पार्ट मायक्रोमीटर लावून बघायचा, मापात बसला तर पुढं, नाही तर बाजूला. दीड वर्ष ओव्हरटाइम करून मी पन्नास हजार बाजूला टाकले होते. एवढ्यात बसवायचं म्हणजे कुठं खर्च करायचा आणि कुठं हात आखडायचा हे कळायला लागतं. रात्रीची झोप सोडून मी ते शिकले. मॉनिटर जुना, एका मैत्रिणीचा. कॅबिनेट सगळ्यात स्वस्त. शेवटी तो पत्र्याचा डबा, त्याला रंगीत दिवे लावले म्हणून गेम पळत नाही. पॉवर सप्लाय मात्र चांगला. आणि उरलेला सगळा जीव ग्राफिक्स कार्डात. गेमचं चित्र तेच काढतं, ते गेलं की बाकीचं सामान नुसतं गरम होत बसतं. एका कागदावर सगळी यादी लिहिली होती, पर्यायांसकट.

पण आमच्या घरात मोठी वस्तू घ्यायची तर आण्णा बरोबर लागतात. आण्णा म्हणजे माझे वडील. फ्रिज त्यांनी घेतला, विहिरीची मोटर त्यांनी घेतली, त्यामुळे कॉम्प्युटरही त्यांनीच घ्यायचा. वडूजवरून पहाटेची एसटी धरून, इस्त्रीची टोपी घालून ते सांगलीत उतरले.

दुकानदारानं माझ्या हातातली यादी घेतली, बघितली आणि आण्णांना विचारलं, "काका, गाव कुठलं म्हणायचं?"

तिथंच माझं दुकान बुडालं. आण्णांनी गाव सांगितलं. दुकानदाराच्या आत्याची नणंद वडूजला दिलेली निघाली. मग तिचा दीर, मग त्या दिराचा साडू, आणि तो साडू म्हणजे आमच्या आण्णांचा मामेभाऊ. दहा मिनिटांत दोघं एकमेकांना पाव्हणं म्हणायला लागले. चहा आला. यादी चहाच्या कपाखाली गेली.

"ते कागदावरचं ऱ्हाऊ द्या," दुकानदार म्हणाला. "पाव्हण्यास्नी मी आतला माल काढतो."

आतला माल म्हणजे सील नसलेल्या खोक्यातलं ग्राफिक्स कार्ड. म्हणाला, डिस्प्लेला ठेवलेलं, नवंच हाय, तुमाला म्हणून या भावात. मी ते हातात घेतलं आणि उलटं केलं. स्क्रूच्या डोक्यावर पेचकसाचे ओरखडे होते. नव्या वस्तूचा स्क्रू कुणी कशाला खोलेल? मी तसं म्हणाले. आण्णांनी माझ्या कोपराला हात लावला.

"पाव्हण्यावर इस्वास न्हाई व्हय तुजा?"

"पावती तरी द्या, वॉरंटी लिहून," मी म्हणाले.

"काका, पावती केली की जीएसटी चढतोय बघा," तो आण्णांकडं बघून म्हणाला. माझ्याकडं तो बघतच नव्हता. "आन् वॉरंटी म्हंजे मी बसलोय की हितं. तीन वर्सं काय बी झालं तरी बदलून देतो."

"घरच्या घरात कसली पावती," आण्णा म्हणाले.

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. रोज अर्ध्या केसाचा फरक पकडणारी मी, समोर ओरखडे दिसत असताना मूग गिळून पैसे मोजले. याचा राग मला अजून येतो, आणि त्यातला मोठा वाटा माझ्यावरच आहे.

तीन आठवडे कार्ड चाललं. ते तीन आठवडे कसे गेले ते मी कुणाला सांगत नाही. कारखान्यातून आले की हातपाय धुऊन मी थेट खुर्चीत. मग एका रविवारी पडद्यावर हिरव्या रेघा आल्या आणि पडदा काळा झाला. एका सहकाऱ्याच्या कॉम्प्युटरला लावून बघितलं, तिथंही तेच. कार्ड खोललं तर आत कुणाच्या तरी खोलीतली जुनी धूळ बसली होती.

तीन वर्षांचा शब्द आण्णांसमोर दिलेला होता, म्हणून मी त्यांना बोलावून घेतलं. दुकानदारानं तसाच चहा मागवला. कार्ड बघितलं न बघितलं केलं आणि या खेपेला पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"ताई, पावती आणलीया का? पावतीबिगर कंपनी घेत न्हाई."

मी आण्णांकडं बघितलं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की, पाव्हणं, तुमी माज्यासमोर बोलला होता. एक वाक्य. आण्णांनी बशीत चहा ओतला, फुंकला आणि प्याला. मग पाऊसपाण्याचं विचारलं.

स्टँडवर मी त्यांना गाठलं. "आण्णा, तुमी बोलला का न्हाई?"

"आपलंच दात, आपलंच वठ," ते म्हणाले. "उद्या लग्नाकार्यात तोंडं बघायची हायत."

"माझं दीड वर्ष गेलं त्यात."

"आगं, तू घरातली हायस. तू समजून घेशील. त्यो न्हाई घ्यायचा."

मी त्यांना वडूजच्या गाडीत बसवलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली, आणि गाडी वळल्यावर कार्ड घेऊन परत दुकानात गेले. गल्ल्यासमोर उभी राहिले. एक बाई कॉलेजातल्या पोराला घेऊन आली होती. मी तिला म्हणाले, "मावशी, पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. हे माझे पाव्हणे आहेत, मला वापरलेलं कार्ड नवं म्हणून दिलंय." कार्ड दाखवलं, स्क्रू दाखवला. बाई पोराला घेऊन निघून गेली. दुकानदार हसला. दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगितलं तेव्हा म्हणाला, "ताई, आत बसून बोलू." मी म्हणाले, मी उभी बरी आहे. तिसरं गिऱ्हाईक पायरीवरूनच फिरलं. मग त्यानं सीलबंद खोकं काढलं आणि पावती फाडली. खोक्यावरचा नंबर पावतीशी ताडून मी बाहेर पडले. आवाज मी एकदाही चढवला नव्हता.

पुढच्या शनिवारी गावी गेले. आण्णांना काही सांगितलं नव्हतं. म्हटलं सावकाश सांगू, मनातून त्यांनाही बरं वाटेल. मी आत भाकरी खात होते आणि ओसरीवर त्यांचा फोन वाजला. आण्णांना कमी ऐकू येतं, म्हणून ते फोन स्पीकरवर ठेवतात. पाव्हणा बोलत होता. तुमच्या पोरीनं भर दुकानात माझी अब्रू घेतली, कार्ड बदलून घेऊनच हलली, आपल्या घराण्यात अशी पद्धत न्हाई, असं बरंच.

आण्णांना आता सगळं कळलं होतं. कार्ड बदलून मिळालंय हेसुद्धा. माझा घास हातातच राहिला.

"पाव्हणं," आण्णा म्हणाले, "चुकलं आमचं. पदरात घ्या. मी पोरीला समज देतो."