बांची खुर्चीतली परीक्षा

माझ्या सासूबाई रळियातबेन, म्हणजे आमच्या बा, वर्षभर कंबर धरून बसल्या होत्या. उठायचं म्हटलं की आधी "हे राम", मग माझा खांदा, मग त्या. अमरेलीजवळच्या आमच्या गावात कंबरदुखीचं शिबिर भरलं, तेव्हा मी त्यांना ओढतच नेलं.

रक्त तपासल्यावर अंगात सूज असल्याचं निघालं. मग नर्स हेतलने त्यांना खुर्चीत बसवलं. हात न टेकता पाच वेळा उठायचं होतं. बा कशाबशा दोनदा उठल्या आणि म्हणाल्या, "आता तूच ऊठ, तू तरणी आहेस." हेतलने कागदावर 'जमत नाही' असं लिहिलं.

तेवढ्यात दारात वालजीभाई खाकरले. हे बांचे थोरले दीर, वय अठ्ठ्याऐंशी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना बा काय, भिंतसुद्धा दिसत नाही. तरी बा ताडकन उठल्या, थोरल्या दिरासमोरच्या रिवाजाप्रमाणे हातभर घुंगट ओढला आणि कोपऱ्यात पाठ फिरवून उभ्या राहिल्या. वालजीभाई गुडघा दाखवून, चहा पिऊन अर्ध्या तासाने गेले. तोवर बा हलल्या नाहीत.

हेतलने आधीचं खोडून 'उत्तम' लिहिलं. "बा, आता दुखत नाही ना?"

"जीव जातोय."

"मग उठलात कशा?"

"थोरल्या दिरांसमोर दुखून चालतं होय? बाळंतपणाच्या कळासुद्धा मी दीर शेतावर गेल्यावरच दिल्या."