एका हाताची म्हैस

आमच्या मालकांनी म्हशीची वेळ कधी चुकवली न्हाई, आणि स्वतःची एकही पाळली न्हाई. हे मी रागानंच लिहून राहिले. राग काहून येऊ नये? ही म्हैस झुंजूमुंजू झालं की ओरडते. आधी सरकीची ढेप, मग धार, मग पाणी. क्रम बदलला की डोळे वटारते. मालक कुणाच्या लग्नात असले तरी पंगत सोडून संध्याकाळच्या धारेला घरी हजर. स्वतः मात्र कधी दुपार कलल्यावर जेवतील, कधी नुसत्या चहावर दिवस काढतील. मी म्हणायची, "जनावराकडून तरी शिका." त्यावर हसायचे. "जनावराला उपास-तापास न्हाई. मला हाय."

उपास औंढ्याच्या नागनाथाचा. श्रावणातले सोमवार ते निरंकार धरायचे, पाण्याचा थेंबसुद्धा न्हाई. बीपीची गोळी सुरू झाली तरी तेच. गोळीला पाणी लागतं, पाण्यानं उपास मोडतो, म्हणून सोमवारी गोळी बंद. मंगळवारी उठून मलाच म्हणाले, "काल न्हाई घेतली तं काय झालं? धडधाकट हाय मी." झालं! म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो. श्रावण सरेपर्यंत गोळ्यांचं पाकीट देवळीत तसंच पडून राहिलं. मी विचारलं की तोंडावर, "घेतली, घेतली."

मग एका सकाळी कडब्याची पेंढी उचलताना खाली बसले ते बसलेच. डावं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. हिंगोलीच्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला न्हाई. गोळी रोज ठरल्या वेळी, चालणं रोज, न्हाईतर दुसरा झटका येईल आणि त्यात माणूस राहणार न्हाई.

घरी आणलं तर यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. गोळी गालात धरून थुंकायचे. "काहून जगवून राहिली मला? मरू दे." माय वं, काय ऐकायची पाळी आली! मी रडले, भांडले, हात जोडले. गोळी थुंकलेलीच.

तिकडं म्हशीनं दूध चोरलं. ती एका हाताची, म्हणजे एकाच माणसाच्या हाताला लागलेली. दुसऱ्या कुणाला पान्हा सोडत न्हाई. मी कासेला हात लावला की लाथ. शेजारची जाऊ मोठ्यानं म्हणाली, "आटंल ती आता." ते मालकांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे म्हैस ओरडली, तर उजव्या हातानं खाटेची कड धरून उठायला बघू लागले. "ने मला," म्हणाले. बोबडं होतं, पण मला कळलं. मी म्हटलं, "आधी गोळी." मुकाट गिळली!

तेव्हापासून तीच रीत पडली. गोळी, मग माझ्या खांद्यावर भार टाकून, पाय घासत गोठ्यापर्यंत. ते खुर्चीवर बसून उजवा हात तिच्या पाठीवर फिरवायचे, "हो बाई, हो," आणि धार मी काढायची. संध्याकाळी पुन्हा तसंच. डॉक्टरचं ऐकलं न्हाई, लग्नाच्या बायकोचं ऐकलं न्हाई, म्हशीचं ऐकलं. हसावं का रडावं?

परवा रात्रभर खोकल्यानं त्यांना झोप न्हवती, म्हणून पहाटे मी उठवलं न्हाई. एकटीच बादली घेऊन गेले. लाथ बसणार म्हणून अंग चोरून बसले, अन् तिनं पान्हा सोडला. बादली भरत आली. माझा हात तिच्या अंगवळणी पडला होता. दुसरी कुणी असती तर हरखली असती. मी न्हाई. त्यांच्यावाचून म्हशीचं भागतं हे त्यांना कळलं, तर ते पुन्हा कशासाठी उठतील?

दूध सांडणं पाप, हे आमच्यात लेकरालाही ठाऊक. मी गोठ्यामागं जाऊन सगळं शेणात ओतलं. बादली विसळली, घरात आले आणि त्यांना हलवलं.

"देत न्हाई म्हैस," म्हटलं. "उठा."