इझाबेलचा तेजोमेघ

वसईत ज्यांच्या गालांवर देवीचे वण होते, ते फक्त प्रत्यक्षात. होळी बाजारातल्या मार्सेलच्या स्टुडिओत फोटो काढला की वण गायब. ही करामत मार्सेलची नव्हती, त्याच्या बायकोची होती. इझाबेल खिडकीपाशी तिरक्या काचेवर मोठाल्या निगेटिव्ह ठेवून बसायची आणि टोकदार पेन्सिलीने, बारीक पात्याने माणसांना देखणं करायची. डाग म्हणून तिला खपत नसे, मग तो निगेटिव्हवर असो की नवऱ्याच्या सदऱ्यावर.

नवऱ्याला मात्र आभाळाचं वेड लागलं होतं. मुंबईच्या कुठल्याशा प्रदर्शनात त्याने मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो पाहिला आणि तो येडावूनच घरी आला. मृगाच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण असतो ना, त्याच्या खाली एक धूसर ठिपका दिसतो. तो तारा नव्हे, वायूचा आणि धुळीचा अफाट ढग. तसा फोटो आपण वसईतून काढायचा, असं त्याने घेतलं डोक्यात. त्याने स्टुडिओतली जुनी लेन्स एका लाकडी पेटीला बसवली. आभाळ सरकतं, म्हणून पेटीही सरकायला हवी. त्यासाठी दोन फळ्या बिजागरीने जोडल्या आणि खालून लांब स्क्रू घातला. बिजागरी ध्रुवाच्या रोखाने लावायची आणि स्क्रू घड्याळाकडे बघत हळूहळू पिळायचा, की वरची फळी ताऱ्यांसोबत चालते.

तीन हिवाळे गेले. तारे यायचे, ढग काही येत नव्हता. बाजारात लोकांना आयतं खाद्य मिळालं. "आम्ही जरा हललो तर ओरडतोस, आणि आता ताऱ्यांना स्थिर बसवतोस काय?" असं भाजीवाल्यांनीसुद्धा विचारून घेतलं. मार्सेल आधी हसायचा. १९८० च्या फेब्रुवारीत त्याने हसणं सोडलं. "एवढ्या दोन निगेटिव्ह बघतो, नाहीतर फळ्या चुलीत घालतो," म्हणाला आणि लग्नाचे फोटो काढायला गेला. फिल्म वाया जाते म्हणून इझाबेल इतके दिवस करवादत होती, पण त्याचा तो पडलेला चेहरा तिला सोसवेना.

तिने नेहमीप्रमाणे वाळलेल्या निगेटिव्ह उचलल्या. आधी चार नवऱ्या, मग आभाळ. निगेटिव्हवर उजेड काळा उमटतो, म्हणून तारे म्हणजे काळे ठिपके, ते ठेवायचे, हे मार्सेलने सांगितलं होतं. बाणाखाली काळपट डाग होता, तो तिने सवयीने हलकेच खरवडून काढला. दुसरी निगेटिव्ह घेतली. लेन्सवर दव पडल्यामुळे ती अर्धी धुरकटली होती, पण डाग तिथेच होता. त्याच ताऱ्यांखाली, त्याच बाजूला कललेला.

तिचं पातं थांबलं. इतकी वर्षं डाग काढण्यात गेली होती. धूळ कधी दोनदा एकाच जागी बसत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तीन हिवाळे नवऱ्याने जीव टाकून पकडलेला ढग ती दर वेळी स्वच्छ करून त्याच्या हातात देत आली होती.

संध्याकाळी तो बूट काढतो न काढतो तोच तिने सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही.

"तीनही वर्षं?" मार्सेलने विचारलं.

"तीनही."

तो उठून बाहेर गेला, विहिरीपर्यंत फेरी मारून परत आला. "इतक्या सफाईने काढलंस की मला शंकासुद्धा आली नाही," म्हणाला आणि हसायला लागला, तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

इझाबेलला हसू आलं नाही. "तुमचा ढग मी घालवला. आता मीच आणून देते," ती म्हणाली. "स्क्रू माझ्या हातात द्या. तुम्हाला धीर नाही."

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला, लग्नं बंद झाली, स्टुडिओत माश्या मारायची वेळ आली. मार्चच्या अमावस्येला दोघं वटारला तिच्या माहेरी गेली. मृग पश्चिमेला कलायला लागला होता. अजून काही दिवसांत माडांच्या शेंड्यांत शिरला की पुढच्या हिवाळ्यापर्यंत वाट बघायची. जेवणाआधी, अंधार पुरता पडल्यावर, केळीच्या वाडीबाहेरच्या मोकळ्या जागेत तिने स्क्रू हाती घेतला. नवरीच्या पापणीवर पेन्सिल फिरवताना चालायचा तसा तिचा हात चालू लागला. मार्सेल बाजूला उभा राहून तोंडातल्या तोंडात रोझरी म्हणत होता.

पण दव आलंच. शिंपलेल्या वाडीचा ओलावा, वर समुद्राची हवा. लेन्स बघता बघता पांढरी झाली. पुसायला जावं तर पेटी हलते. पहिली फिल्म गेली, दुसरीही गेली.

ओट्यावर तिचे वडील, ऑगस्टीन, गुडघा शेकत बसले होते. तव्यावर तापवलेलं मीठ फडक्यात बांधून ते रोज शेक घ्यायचे. इझाबेल त्यांच्याकडे बघत राहिली आणि एकदम पुढे झाली.

"बा, ती पुरचुंडी दे."

"काय गो, माझा गुडघा?"

"तुझा गुडघा दहा वर्षं दुखतोय, उद्याही दुखेल. माझा ढग चाललाय."

"घे बाय," म्हातारा म्हणाला. "आभाळाला पण संधिवात झाला म्हणायचा."

ते मीठ तिने लांब कापडी पट्टीत भरलं आणि लेन्सच्या गळ्याभोवती गुंडाळलं. ऊब लागली तशी काच कोरडी राहिली. ती पुन्हा बसली, आणि मार्सेल पुरे म्हणेपर्यंत स्क्रू पिळत राहिली.

दुसऱ्या दिवशी होळी बाजारातल्या स्टुडिओत येऊन तिने स्वतः फिल्म धुतली आणि छापायला घेतली. तबकातला कागद काळा पडत गेला, तसे आधी तारे दिसले, टाचणीच्या टोकाएवढे, एकही लांबलेला नाही. मग बाणाखाली धूसर पांढरं काही वेगळं दिसू लागलं, त्याला दोन्ही बाजूंना पंख फुटले. मधोमध उजेड, कडेला विरत गेलेला धूर. इझाबेल रडली आणि तिने रडू आवरलंही नाही. मार्सेल तिचे रसायनाचे ओले हात धरून त्या काळोख्या खोलीत नाचला.

ईस्टरच्या सकाळी मार्सेलने शोकेसमधून गावातली सगळ्यात देखणी नवरी काढली आणि तिथे तेजोमेघ लावला. चर्चमधली मिस्सा सुटल्यावर गर्दी झाली. ताऱ्यांना स्थिर बसवतोस काय म्हणणारेच सगळ्यात पुढे. त्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईने "मार्सेल" लिहिलेलं असायचं. अर्धी मेहनत बायकोची असली तरी. या फोटोवर त्याने स्वतःच्या हाताने "इझाबेल" लिहिलं होतं.

"अहो, खाली ढगाचं नाव तरी लिहायचं," ती लाजून म्हणाली.

"लोक विचारतील तेव्हा तू सांग. काढलायस तू."

लोकांनी विचारलं. दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली, तरी सणाची नवी साडी नेसलेली इझाबेल दुकानाच्या पायरीवर उभी राहून एकेकाला बोटाने दाखवून सांगत होती.