साहेबाची चूक

आमचे हे, म्हणजे भीमराव, रेल्वेत बाबू. नाव घेते मी, त्यात लाजायचं काय! नागपूरहून बदली होऊन आम्ही जयपुरात, खातीपुऱ्याला आलो, तेव्हा आमची अश्लेषा लहान होती. साहेबापुढे या माणसाचा आवाज कधी चढला नाही. 'साहेबाच्या पुढून अन् घोड्याच्या मागून जाऊ नये,' एवढं एकच शहाणपण यांच्यापाशी. घरातही तेच. बाप बोलला की लेकरांची हाताची घडी, तोंडावर बोट.

पोट्टी मात्र हुशार निघाली, बाप्पा! एम.टेक. झाली अन् पीएच.डी.साठी जर्मनीत अर्ज करत बसली. तिकडे म्हणे पीएच.डी. करणाऱ्याला पगार देतात. बिनपगारी आम्हाला झेपणारच नव्हतं. नकारावर नकार आले. शेवटी एका प्रोफेसरने कळवलं, शनिवारी फोनवर मुलाखत घेतो.

आदल्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "बाबा, या जर्मन सरांच्या छापलेल्या पेपरात गडबड आहे. रुळांना तडे कसे जातात, ते त्यांनी थंडीत तपासलं अन् लिहिलं, सगळ्या देशांना लागू. मतलब, आपल्याकडचं ऊन धरलंच नाही!"

यांचा घास हातातच राहिला. "खबरदार! नोकरी मागायची अन् मालकाच्याच चुका काढायच्या? झाकली मूठ सव्वा लाखाची."

शनिवारी फोन आला. हे तिच्या समोरच उभे. पोरगी फडाफडा इंग्रजी बोलत होती, हात हलवून हलवून समजावत होती. मला ऐकूनच भरून आलं. मग एकदम गप्प झाली अन् बापाकडे बघायला लागली. यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"नो सर, एव्हरीथिंग इज व्हेरी गुड," ती म्हणाली. एवढं इंग्रजी मलाही कळतं.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होते?"

"त्यांच्या पेपरात काय चुकलंय, असं सर विचारत होते. दोनदा विचारलं."

"शाब्बास!" म्हणाले हे, अन् कोपऱ्यावरून गरम कचोऱ्या घेऊन आले. तिने एकही खाल्ली नाही.

आठवड्याने मेल आला. सायबर कॅफेतून ती आली तीच चेहरा पाडून. प्रोफेसरने लिहिलं होतं, अभ्यास पक्का आहे; पण आमचं चुकलं तर तोंडावर सांगेल, असा माणूस आम्हाला हवा होता.

हे मटकन खाली बसले. माझा तर संताप संताप झाला. हे तिला म्हणाले, "अगं, तुला ठाऊक होतं ना माझं चुकतंय? मग माझं ऐकलंस कशाला?"

"न ऐकून चालतं, हे कधी शिकवलंत बाबा?"

दुसऱ्या दिवशी नवा अर्ज भरायला ती वैशाली नगरच्या सायबर कॅफेत निघाली. यांनी घाईघाईने स्कूटरची किल्ली घेतली. "चल, मी सोडतो. काय लिहायचं ते दोघं मिळून—"

"नको," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नका."

जन्मात पहिल्यांदा तिने बापाला नाही म्हटलं. हे किल्ली हातात घेऊन दारातच उभे राहिले. "बघ इंदुमती, बापाच्या तोंडावर बोलली ती," मला म्हणाले, अन् लहान लेकरासारखे रडायला लागले.